दुसरं मेज

अरविंद देवपुजारी टेम्पोतून मेज घेऊन आले, तेव्हाच नीळकंठराव वाढईंच्या मनात पाल चुकचुकली. मेज साध्यासुध्या घरातलं नव्हतं. वाकदार पाय, कडांना पितळी पट्टी. पुढचं झाकण खाली पाडलं की त्याचीच लिहायची फळी व्हायची, आणि आत सात छोटे खण.

"आमच्या वडिलांचं," देवपुजारी म्हणाले. "दोनशे वर्षांचं जुनं, फ्रान्समधलं. नागपूरचे एक फ्रेंच पाद्री मायदेशी गेले, तेव्हा देऊन गेले. छप्पन साली राजधानी नागपूरहून हलली, तेव्हा कचेऱ्यांबरोबर आम्ही भोपाळला आलो, तसं हेही आलं. एक पाय हलतोय, तेवढा बघा. आणि असंच अजून एक करून द्या."

"असंच म्हणजे?"

"हुबेहूब. पण नवं दिसायला नको. फळीवरचा हा शाईचा डागसुद्धा हवा. आणि कोणी आलंगेलं तर वर चादर टाकत जा."

नीळकंठरावांची तीस वर्षं कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये गेली होती. ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे ते करत. त्यांच्या हातचा साचा पुन्हा मोजायची गरज नाही, असं फोरमन म्हणायचे. निवृत्तीनंतर भोपाळच्याच सोनागिरी भागात घरामागे पत्र्याची शेड टाकून ते निवडक कामं घेत. पण नोकरीत एकदा त्यांना चांगलाच चटका बसला होता. एका साहेबांच्या शब्दाखातर त्यांनी पाळणा करून दिला आणि लाकूड कुठून आलं ते विचारलं नाही. ते कारखान्यातून चोरलेलं निघालं. चौकशी लागली तोवर साहेब बदलीवर गेले होते. नीळकंठराव निलंबित होऊन सहा महिने घरी बसले. तेव्हापासून 'कोणाला सांगू नका' असं कोणी म्हटलं की त्यांचे कान टवकारत.

हे काम ते परतच पाठवणार होते. पण उगाच एक खण ओढून पाहिला आणि मग सगळेच काढले. कोणाला कधी दिसणार नाही अशा खणाच्या तळालाही रंधा फिरवलेला होता. एका कोपऱ्यात कारागिराची पटाशी घसरली असावी. तिथे त्याने केसाएवढी चीप बसवून चूक झाकली होती. नीळकंठराव तिच्यावरून कितीदा तरी बोट फिरवत राहिले. दोनशे वर्षांपूर्वीचा तो माणूस त्यांना शेजारी बसल्यासारखा वाटला. त्यांनी काम घेतलं.

पाच महिने ते खपले. जुन्या घराच्या चौकटींचं लाकूड मिळवलं, वर चिकटवायला लाकडाचे पातळ पापुद्रे कापले, लाखेच्या चपड्याचं पॉलिश कापडाच्या बोळ्याने चढवलं. दर रविवारी देवपुजारी यायचे, दोन्ही मेजांमधून फिरायचे आणि घाईने जायचे. घरचा पत्ता विचारला तर एम. पी. नगरमधल्या ऑफिसचा द्यायचे. एका रविवारी ते खाली वाकले आणि मेजाच्या पोटाशी डागलेली रोमन अक्षरं त्यांनी दाखवली.

"हे कारागिराचं नाव. हा ठसाही उठवा."

नीळकंठरावांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "साहेब, ही त्याची सही आहे. मेजं मी कितीही करीन. त्याची सही करणार नाही."

देवपुजारींचा चेहरा उतरला. "बरं, राहू द्या," ते म्हणाले.

आता संशयाला जागाच उरली नाही. खरं मेज हा माणूस विकणार आणि खोटं घरात ठेवणार. चौकशी झाली की पुन्हा आपलंच नाव निघणार. पुढच्या रविवारी नीळकंठरावांनी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून ते दारातच बसले.

"फसवताय कोणाला, ते सांगा. मग मेज न्या."

देवपुजारींनी कुलपाकडे पाहिलं. मग उलट्या घमेल्यावर बसले.

"माझ्या दोघी बहिणींना. बाबा गेल्यापासून या मेजावरून दोन वर्षं बोलत नाहीत. शशिकला साकेत नगरला राहते, सुचेता कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये. चार मैलांचं अंतर, पण दिवाळीलासुद्धा तोंड बघत नाहीत. दोघींना एकेक देईन आणि दोघींना सांगेन की खरं तुझ्याकडे."

"कशावरून खरं मानू?"

"तुम्हीच पोचवा. कोणतं कुठे, तेही तुम्हीच ठरवा. मला कळायलाच नको."

नीळकंठरावांचा तरीही विश्वास बसेना. खरं मेज त्यांनी स्वतः साकेत नगरला नेलं. शशिकलाबाईंनी दार उघडलं, मेज पाहिलं आणि तिथेच पदराने डोळे पुसले. निदान बहीण तरी खरी होती.

दुसऱ्या दिवशी ते सुचेताबाईंकडे गेले. त्यांनी टेम्पोवाल्याच्या मदतीने मेज आत घेतलं, झाकण उघडलं, डागावर हात ठेवला. मग सरळ जमिनीवर बसून मेजाखाली डोकं घातलं.

"काका, इथे नाव होतं. बाबा आम्हाला आडवं झोपवून दाखवायचे."

'पॉलिश करताना पुसलं असेल' म्हणून निघून जावं, असं नीळकंठरावांना वाटलं. पण जीभ वळेना.

"हे मी केलंय, ताई. बाबांचं मेज साकेत नगरला आहे. कोणतं कुठे द्यायचं, ते मीच ठरवलं. दोष माझा."

सुचेताबाई उठल्या. त्यांनी एक खण ओढला, लावला, परत ओढला. "दादाला वाटलं, मी बघणारच नाही," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन चपला घालून आल्या. "टेम्पो आहे ना बाहेर? मला ताईकडे सोडा."

वाटभर नीळकंठराव एकच विचार करत होते. दोन मेजांची भानगड आता चव्हाट्यावर येणार, आणि तीही आपल्या तोंडाने.

शशिकलाबाईंनी दार उघडलं. बहिणीला पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"बाबांचं मेज बघायला आले," सुचेताबाई म्हणाल्या. "नेणार नाही. बघून जाते."

दोघी आत गेल्या आणि दार लागलं. नीळकंठराव टेम्पोत बसून कान देत राहिले. भांडणाचा आवाज येईना, रडण्याचाही येईना. अर्ध्या तासाने शशिकलाबाई फाटकापर्यंत आल्या.

"तुम्ही जा. ती जेवून जाईल."

"काही... बोलणं झालं?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "भात टाकलाय."