मिरजेचं मशीन

"आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास होता का?" मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं.

मंगलला स्वतःला नव्हता. तिनं केबिनबाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. कृष्णात फौजेत हवालदार, तेव्हा आसामात होता. प्रश्न ऐकून तो म्हणाला, "न्हाई. आमच्यात कुणाला न्हाई असलं." मंगलनं आत जाऊन तसंच सांगितलं. तिची लेक शिवांजली खुर्चीच्या टोकावर बसून चपलेतून बाहेर आलेल्या अंगठ्याकडं बघत होती. अकरा वर्षांची पोर. अभ्यासात हुशार, शाळेच्या खो-खो संघात सगळ्यांत चपळ, आणि अजून रोज रात्री अंथरूण ओलं करायची.

मंगलनं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. म्हसवडच्या सिद्धनाथाला तोरण वाहिलं. कराडच्या बाजारातल्या वैदूची काळी पूड मधातून चाटवली. संध्याकाळचं पाणी तोडलं, तर पोरीनं आपल्या मनानं सकाळपासूनच पाणी बंद केलं आणि शाळेच्या मैदानात चक्कर येऊन पडली. हिवाळ्यात वाकळा, गोधड्या वाळायच्या नाहीत. शेजारणींच्या नजरेला पडू नयेत म्हणून मंगल त्या घरामागं उसाच्या कडेला टाकायची, पण वास काही लपत नव्हता. भावाच्या लग्नाला ती तासगावला गेली आणि अक्षता पडल्याबरोबर पोरीला घेऊन परत फिरली. मुक्काम का केला नाही म्हणून भाऊ अजून रुसलेला होता.

मिलिटरीच्या दवाखान्यात सगळं फुकटात झालं असतं. पण कृष्णातनं साफ नाही म्हटलं. "युनिटात कळंल. बायका-बायकांत बोलणं हुतं. मला तितं तोंड दाखवायचं हाय."

मग खाजगीच गाठावं लागलं. सोनोग्राफी, लघवीच्या तपासण्या, गोळ्या, दर खेपेचं गाडीभाडं. घरखर्चाला येणारा पैसा सासूच्या हातात असायचा आणि साळूबाई असल्या गोष्टीला दमडी सोडणारी नव्हती. मंगलच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोन शेळ्या होत्या. एक तपासण्यांत आणि गोळ्यांत गेली, दुसरी मशीनमध्ये.

मशीन काडेपेटीएवढं होतं. ते खांद्यापाशी अडकवायचं आणि वायरचा चिमटा चड्डीला लावायचा. थेंब पडला की ते कर्कश्श वाजायचं. "तीन-चार महिने नेटानं लावा," डॉक्टर म्हणाले. "ते वाजलं की तुम्ही उठा, तिला उठवा. मारू नका, बोलू नका. तिच्या हातात नाही ते."

तेव्हा कुठं शिवांजलीनं मान वर करून डॉक्टरांकडं पाहिलं.

पहिला महिना मायलेकींच्या झोपेचं खोबरं झालं. मंगल दिवसा भांगलणीला, वाफ्यात तण काढायला बसल्या बसल्या पेंगायची. पण दुसऱ्या महिन्यात एका सकाळी शिवांजलीनं वाकळेवरून हात फिरवला, परत फिरवला आणि आईचा हात ओढून तिथं टेकवला. "बघ की! बघ की गं!" वाकळ कोरडी होती. मग आठवड्यातून एकदा, दोनदा तसं व्हायला लागलं. मंगलच्या जिवात जीव आला.

अशात कृष्णात सुट्टीवर आला. त्याच्याबरोबर बिरदेव म्हणून त्याच्याच पलटणीतला जोडीदार होता, एक रात्र मुक्काम करून पुढं म्हसवडला जाणार होता. मंगलनं त्या रात्रीपुरतं मशीन लावू नये असं कृष्णातला वाटत होतं. पण डॉक्टरांनी एक रात्रही चुकवू नका म्हणून बजावलं होतं. तिनं लावलं. पहाटे ते वाजलं.

सकाळी चहा घेताना बिरदेवनं विचारलं, "काय रं गड्या, पहाटं कसलं वाजत हुतं? गॅस-बिस गळतोय का काय?"

"मोबाईलचा गजर," कृष्णात म्हणाला.

"कसला गजर?" साळूबाई चुलीपासून बोलली. "पोरगी हातरुणात मुतती. तिचं मशीन हाय त्ये."

शिवांजली दारात उभी होती. बिरदेवनं तिच्याकडं पाहिलं आणि चटकन कपात नजर घातली. तो बिचारा भला माणूस. पण त्याची एसटी गेल्यावर कृष्णात तडक आत आला, उशाचं मशीन उचललं आणि धुण्याच्या दगडावर आपटलं. एकदा आपटून फुटेना, म्हणून परत आपटलं.

"माज्या शेळीचं हुतं त्ये," मंगल म्हणाली.

"बरं झालं फुटलं," साळूबाई म्हणाली. "ह्यो तरी काय येगळा हुता? उलथनं तापवून मांडीवर दोन चटकं दिलं, तवा सरळ झाला. तुज्या डागतराला काय कळतंय?"

मंगल नवऱ्याकडं बघत राहिली. त्याच्या मांडीवरचे ते डाग तिला ठाऊक होते. लहानपणी चुलीवर पडलो, असं त्यानं लग्नानंतर सांगितलं होतं.

"आवं, मी फोन केला हुता की तुमाला. दवाखान्यातनं. तवा न्हाई म्हणालासा!"

कृष्णात आईकडं वळला. "कुटं सरळ झालो गं आये? गोट्यात झोपाय लागलो मी. वैरणीवर. तुला वाटलं थांबलं. चांगला मिसरूड फुटंस्तवर चाललं हुतं माजं. भरती झालो तरी भ्यानं रात रात जागा ऱ्हायचो."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"कुणाला सांगू? तुला?"

तो उंबऱ्यावर बसला. मंगलला वाटलं, सगळं ऐकत उभ्या राहिलेल्या पोरीला आता हा जवळ बोलावील. एवढा एक शब्द बोलला असता, मी पण तुझ्यासारखाच होतो म्हणाला असता, तरी मशीन गेल्याचं दुःख तिनं गिळलं असतं. पण कृष्णात उठला, गाडी काढली आणि अंधार पडेपर्यंत घरी आला नाही.

जेवणं झाल्यावर शिवांजलीनं आपली वाकळ गुंडाळली आणि गोठ्याकडं निघाली.

"कुटं निघालीस? आत चल," मंगल तिच्या मागं धावली.

"पप्पाबी हितंच झोपायचं की."

"त्ये येगळं हुतं बाळा. तुला फरक पडत हुता. आपण दुसरं मशीन आणू."

"नको आई," पोर समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली. "आता तुज्याकडं शेळी न्हाई."

कृष्णात नुकताच परतून अंगणात उभा होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गोठ्यात बाज टाकली, वारं लागू नये म्हणून कुडाच्या भिंतीला प्लास्टिकचा कागद ठोकला. त्याला तेवढंच जमलं. सुट्टी संपून तो गेला. जाताना पोरीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला, तेव्हा ती खाली वाकून त्याच्या पाया पडली आणि बाजूला झाली.

मंगलनं डॉक्टरांना फोन केला. घेऊन या, परत सुरू करू, ते म्हणाले. शिवांजली एसटीत बसायला तयार झाली नाही. मंगलनं विनवलं, एकदा तर रागाच्या भरात हातही उगारला. पोर मार खायच्या तयारीनं उभी राहिली, हलली नाही.

पुढच्या महिन्यात शाळेतल्या क्षमा मॅडम घरी आल्या. सांगलीत खो-खोचं निवासी शिबिर होतं आणि शाळेतून एकट्या शिवांजलीची निवड झाली होती. मॅडम कौतुकानं सांगत होत्या. राहण्याची सोय मुलींच्या वसतिगृहात, सगळ्यांनी मिळून एका हॉलमध्ये झोपायचं.

"मला न्हाई खेळायचं आता," शिवांजली म्हणाली.

"अगं, असं काय करतेस? अहो, तुम्ही तरी सांगा तिला."

मॅडमना सगळं सांगून टाकावं म्हणून मंगलनं तोंड उघडलं. तेवढ्यात शिवांजलीनं तिच्याकडं पाहिलं, फक्त पाहिलं.

"न्हाई जमायचं मॅडम," मंगल म्हणाली. "घरात कामाला लागती ती."

मॅडमनी चहा अर्धाच पिऊन ठेवला. आईबापच पोरींचं नुकसान करतात, असं काहीतरी पुटपुटत त्या पायऱ्या उतरल्या. मंगलनं ते ऐकून घेतलं. मग शिवांजली कपबशी उचलून मोरीवर घेऊन गेली आणि बराच वेळ घासत बसली.