बावीस आटे

कडूबासाठी हे शहर दोन मजली होतं. वरचा मजला सगळ्यांना दिसतो: औरंगपुऱ्याची दुकानं, रिक्षांची कचकच, उन्हात तापलेले पत्रे. खालचा मजला फक्त त्याला दिसायचा. तिथं अंधारात पाइप पसरलेले, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेले, आणि त्यांना उठवायची चावी कडूबाच्या खांद्यावर. चांगली पाच फुटी लोखंडी चावी. ती खड्ड्यात घालून फिरवली की खालचा मजला जागा व्हायचा आणि वरच्या गल्लीत हंडे वाजायला लागायचे.

चोवीस वर्षं तो व्हॉल्व्हमन होता. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं पाणी सोडणाऱ्याचा थाट जावयासारखा. पाणी आलं की चहा, नाही आलं की सात पिढ्यांचा उद्धार.

मागच्या दिवाळीनंतर त्याला काहीतरी झालं. काय झालं म्हणून विचाराल तर काहीच झालं नव्हतं. घरात कुणी गेलं नाही, कुणाशी भांडण नाही. एका सकाळी तो खाटेवर उठून बसला आणि बसूनच राहिला. मग आडवा झाला, तो तीन महिने. सोयगावच्या भावकीनं बाहेरचं असेल म्हणून लिंबू उतरवलं. त्याची बायको सरूबाई शहाणी. तिनं भावकीला चहा पाजून वाटेला लावलं आणि नवऱ्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

गोळ्या लागू पडल्या. रडू थांबलं, भाकरी गोड लागू लागली, कडूबा कामावर रुजू झाला. डोकं मात्र रुजू झालं नाही. ते अजून कुठंतरी धुक्यात भटकत होतं. समोरच्याचं बोलणं त्याला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटे. गल्लीच्या तोंडाशी यावं आणि आपण इथं कशाला आलो ते कळू नये. जिभेवर आलेला शब्द सुळकन निसटावा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मन आधी बरं होतं. लक्ष, आठवण, मोजणी मागाहून येतात. तोवर सगळा भार डोक्यावर टाकू नका. थोडा वस्तूंवर टाका." कडूबानं मान हलवली. दवाखान्याच्या फाटकापर्यंत येईस्तोवर तो हे विसरलाही होता.

आता वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह म्हणजे मोठं नखऱ्याचं प्रकरण. चावीचे बरोबर बावीस आटे, म्हणजे बावीस फेरे देऊन उघडायचा. कमी पडले तर पाणी चढावर चढत नाही, जास्त झाले तर खालचा जुना जोड उखडतो. कडूबा नवापर्यंत नीट मोजायचा. मग धुकं यायचं. नऊ झाले की दहा? की मगाशीच दहा झाले होते? विचारायची लाज, थांबायची लाज. तो अंदाजानं फिरवत राही आणि सगळं ठाऊक असल्यासारखं तोंड करी. एकदा गल्ली कोरडी राहिली. पुढच्या खेपेला जोड उखडला आणि पाण्याचा लोट रस्त्यानं वाहत गेला.

त्याचे साहेब नानासाहेब वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब होते. ते म्हणाले, "कडूबा, आता तिसरी तक्रार नको. बुधवारी मी स्वतः उभा राहतो. जमलं तर ठीक, नाहीतर तुला टाकीवर राखणीला बसवतो."

टाकीवर राखण म्हणजे गावाबाहेर एक खुर्ची आणि आठ तास कुणी नाही. कडूबाला त्या खुर्चीच्या जागी आपली खाट दिसली. तिथं बसलो तर परत उठणार नाही, हे त्याला पक्कं कळलं. एवढं एकच त्याच्या ध्यानात राहिलं.

मंगळवारी दुपारी पाय त्याला व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी घेऊन गेले. समोरच्या ओट्यावर ताहेरा आपाचं बांगड्यांचं दुकान. पाणी न आल्याचा सगळ्यात मोठा बोभाटा हिचाच होता. पण ऊन फार होतं, म्हणून तो तिच्याच ओट्यावर टेकला.

आपा गिऱ्हाइकाशी सुनेच्या कागाळ्या करत होती आणि बांगड्या या हातातून त्या लाकडी दांडीवर ओवत होती. टक, टक, टक. कागाळी रंगात आली, मध्येच रिक्षावाल्याला दोन शिव्या देऊन झाल्या, आणि शेवटी दांडीवर डझन बरोबर भरलं. कडूबा स्वप्नात बघावं तसा बघत राहिला.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं विचारलं, "आपा, इतकं बोलता बोलता ध्यानात कसं ऱ्हातं?"

"मैं कां गिनतूं? हात गिनता. हात खाली हुआ, दांडी भर गई, हो गया."

मग जे कडूबानं सरूबाईपाशीही धड सांगितलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं. "माझ्या डोक्यात आकडे टिकत नाय, आपा. दिवाळीपासनं. लई धुकं ऱ्हातं. नऊ झाले का दहा, ते बी कळंना."

आपाचा हात थांबला. "इस वास्ते पानी नई आया था?"

"व्हय."

"तो बोलना था ना! मैं तुमकू कामचोर समजी." ती चांगलीच ओशाळली होती, म्हणून जोरात बोलली. मग आत जाऊन तिनं एक डबा आणला. त्यात गुलाबी प्लास्टिकच्या बांगड्या होत्या, कुठल्याच बाईच्या हाताला न बसणाऱ्या, भल्यामोठ्या. तिनं बावीस मोजून कडूबाच्या डाव्या हातात चढवल्या. "एक आटा, एक बांगडी निकाल. बाजू में तुमारी वो ढक्कन उचकाने की पहार गाड, उस में डाल."

"लोकं हसतील, आपा."

"हसने दो. बिन पानी के कौन हसता, देखती मैं."

बुधवारी अख्खी गल्ली हंडे घेऊन उभी होती. कडूबानं खड्ड्याशेजारी पहार रोवली आणि सदऱ्याची बाही वर केली. कोपऱ्यावरचा चपलांचा दुकानदार फकिरा अशा संधीची वाटच बघत असणार. "अरे बघा, कडूबानं बांगड्या भरल्या!"

आपल्याकडं पुरुषाला खाली बघायला लावायचं असलं की हे वाक्य तयारच असतं. सगळे हसले. कडूबाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हात खिशात घालून पळून जावं असं त्याला वाटलं. पण पळून जायचं कुठं, तर त्या खुर्चीवर. त्यानं चावी खड्ड्यात घातली.

एक आटा. एक बांगडी हातातून निघून पहारीवर उतरली. टक.

नानासाहेब मोठ्यानं मोजू लागले. दोन. तीन. नवाच्या आसपास धुकं आलं, नेहमीसारखंच, पायांकडून चढत. हंडे, बायका, नानासाहेबांचा आवाज, सगळं लांब गेलं. कडूबाला आपण खालच्या मजल्यावर उभे आहोत असं वाटलं. गार अंधार, झोपलेले पाइप. पण या खेपेला त्यानं धुक्याशी झटापट केली नाही. आटा, बांगडी, टक. आटा, बांगडी, टक. त्या अंधारात तेवढा एक आवाज त्याच्यासोबत चालत होता.

तेवढ्यात नानासाहेबांचा फोन वाजला. ते दोन मिनिटं कुणालातरी "हो सर, हो सर" करत राहिले, आणि वळून म्हणाले, "किती झाले रे?"

"अठरा," फकिरा म्हणाला.

"कुठले अठरा? पंधरा," एक बाई म्हणाली.

कडूबानं आपल्या हाताकडं पाहिलं. "हातात सहा हायेत, साहेब. म्हंजी सोळा झाले."

नानासाहेब खाली वाकले. पहारीवरच्या बांगड्या त्यांनी बोटानं मोजल्या, मग परत एकदा मोजल्या. सोळा होत्या. त्यांनी हातानंच चालू दे म्हणून खुणावलं.

शेवटची बांगडी उतरली तेव्हा नळांतून आधी नुसती हवा आली. मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मग पाणी. फकिराही मुकाट्यानं हंडा लावून उभा राहिला. नानासाहेब स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "असंच करत जा. टाकीवर दुसरा माणूस बघतो मी." कडूबाला रडू आलं. हे रडू मात्र वेगळं होतं, याला कारण होतं.

निघताना आपानं त्याच्या हातात कागदाची एक पुडी कोंबली आणि काहीतरी सांगितलं. त्यानं पुडी खिशात घातली.

घरी दारात चप्पल काढताना हात खिशात गेला. पुडीत हिरव्या काचेच्या दोन बांगड्या. कडूबा त्यांच्याकडं बघत राहिला. कुठून आल्या त्याचा धागा सापडेना. महिन्यापूर्वी त्यानं पुडी लपवली असती आणि काहीतरी ठोकून दिलं असतं.

"काय झालं?" सरूबाईनं विचारलं.

"खिशात बांगड्या निघाल्या. कशाच्या, कुणी दिल्या, ते आठवंना झालंय मला."

सरूबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग पदराला हात पुसून तिनं मनगट पुढं केलं.

"आठवंल सावकाश," ती म्हणाली. "तवर माझ्या हातात ठिवा."