सिव्हिलियनांचा आठवा गडी

आमच्या वाडीत ‘सिव्हिलियन’ ही शिवी आहे. तुडीलच्या अलीकडची पन्नासएक घरांची वाडी, आणि घराघरातून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं. मीटिंगला उशिरा आला तो सिव्हिलियन. चहात साखर वाढवून मागितली, सिव्हिलियन. भागोजी हवालदारांचा कुत्रा चोर बघून शेपूट हलवायला लागला, तर हवालदार त्यालाही तेच म्हणाले.

मी सुहास. महाडात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. भरतीला तीनदा गेलो. एकदा छाती फुगली नाही, एकदा तळवे सपाट निघाले, तिसऱ्यांदा धावता धावता मैदानातच उलटी झाली. आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार होऊन रिटायर झालेले. पाहुणे आले की माझ्याकडे बोट करून म्हणायचे, “हा आमच्या घरातला सिव्हिलियन.” पाहुणे हसायचे, मीही हसायचो. आबांना जाऊन चार वर्षं झाली, पण ते हसणं मला अजून पचलेलं नाही, खोटं कशाला बोलू?

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्या मैदानात रस्सीखेच होते. एका बाजूला आठ फौजी, दुसऱ्या बाजूला आम्ही आठ सिव्हिलियन. पेन्शनवालेसुद्धा फौजीतच मोडतात, त्यांची पोटं कितीही पुढे आलेली असोत. अकरा वर्षं मी आमच्या बाजूचा कॅप्टन आहे आणि अकरा वर्षं आम्ही तोंडघशी पडतो आहोत. हरण्याचं एवढं काही नाही. पण आई समोर बसलेली असते, फौजींच्या बाजूला, सुभेदारीणकाकी म्हणून पहिल्या रांगेत. तिच्यासमोर एकदा, फक्त एकदा जिंकावं, एवढीच माझी इच्छा होती.

यंदा तयारी जोरात होती. महिनाभर आम्ही संध्याकाळी दोरीला ट्रॅक्टर बांधून ओढला. आमचा सर्वांत दणकट गडी गणू, त्याचं वजन पंच्याण्णव किलो. त्याच्या जिवावर मी उड्या मारत होतो. आणि नेमकं सकाळी गणूचा फोन, “भाऊ, भाडं घेऊन पोलादपूरला आलोय, गाडीचा क्लच गेलाय. नाय जमत रे.”

आम्ही सात राहिलो. मी भागोजी हवालदारांना म्हटलं, “काका, तुमचाही एक कमी करा.”

“का म्हनून? सिव्हिलियन टायमावर येत नाय, ह्यात आमचा काय दोष हाय?” असं म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. फौजी खदाखदा हसले.

माझं डोकं फिरलं. सातातच ओढू म्हणून मी दोरीला हात घातला, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. पदर खोचला, चपला काढल्या आणि मैदान ओलांडून थेट आमच्याकडे आली.

“सरक,” ती मला म्हणाली. “मी हाय आठवी.”

मैदानात एकच गलका झाला. हवालदार धावत आले. “काकी, तुम्ही आमच्या. सुभेदारांचं मानूस तिकडं कसं जाईल?”

पंच होत्या शाळेच्या अनुपमा मॅडम. त्यांना कुणीतरी चिडून म्हणालं, “मॅडम, तुम्हीच सांगा आता, सिव्हिलियन म्हणजे कोण?”

मॅडमनी चष्मा सारखा केला. “जो सैन्यात नाही, तो. एवढाच अर्थ आहे. शिवीबिवी काही नाही त्यात. तुमच्या वाडीचा नियम धरला तर पेन्शनवाले तेवढे सिव्हिलियनांतून वगळा. काकी, तुम्ही फौजेत नोकरी केलीत?”

“नाय गो बाय.”

“मग ओढा.”

तीन डावांतले दोन जिंकायचे असतात. पहिला डाव आम्ही असा हरलो की सांगायची सोय नाही. फौजी बिचकत होते, तरीही हरलो! दुसऱ्या डावाआधी आई ओरडली, “भागोजी, म्हातारी समजून दोरी सैल सोडशील तर बघ.” मग मात्र त्यांनी जोर लावला. शिट्टी झाली. आई माझ्या मागे होती. चोवीस वर्षं एकटीने शेत केलेली बाई ती, तिच्या टाचा मातीत रुतल्या त्या हलेनात. मधला रुमाल आमच्याकडे आला, वीतभर. पुन्हा गेला. पुन्हा आला. माझे तळहात सोलले. मागून तिचा आवाज येत होता, “सोडू नको रे, सुहास. सोडू नको.” असं तिने मला आबांसमोर कधीच म्हटलं नव्हतं.

आणि मग आमच्यातल्या राहुलचा पाय घसरला. आठही जण आम्ही एकावर एक कोसळलो. आई माझ्या पाठीवर पडली आणि हसत सुटली.

भागोजी हवालदार तिला उठवायला आले. घामाघूम झाले होते, पण जिंकल्याच्या तोऱ्यात म्हणाले, “काकी, सुभेदार असते तर काय म्हनाले असते?”

आईने त्यांचा हात धरला नाही. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि लुगड्याची माती झटकली.

“काय म्हनायचंय ते म्हनले असते. ते सीमेवर व्हते तवा हितं नांगर मी धरला, सासू मी सांभाळली, ह्या पोराला तापात पाठीवर घेऊन महाडला मी पळले. मला कुनी फौजी म्हनला नाय आनि सिव्हिलियन बी म्हनला नाय. सुभेदारीण म्हनून खुर्ची दिली, की झालं.” मग माझे सोललेले तळहात उलटसुलट करून बघितले. “आमी दोघं सिव्हिलियन हाव. आमच्या घरात दोन हायत.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हवालदार गड्यांना घेऊन पेढे खायला निघून गेले. आईने माझ्या तळहातांवर पाणी ओतलं, आणि ते इतकं झोंबलं की मी सगळ्या वाडीसमोर बोंबललो.