वाखाणलेलं दार

मी काठी बोलतेय. जवळ बसायचं तर बसा, पण नाक जरा सांभाळा. माझ्या मुठीला अजून तपकिरीचा वास येतो. बाबूराव ठेकेदाराच्या हाताचा तो वास आहे आणि मला त्याची शिसारी येते.

जन्माने मी कुंभारवाड्याजवळच्या आमच्या वाडीच्या रानातली, भरीव बांबूची. धाकलूने मला तोडलं, जाळावर शेकून सरळ केलं, करंजेल चोळलं आणि अख्खा पावसाळा चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलं. म्हणून मला कधी कीड लागली नाही. धाकलू पाठीत वाकलेला म्हातारा. माझ्या आधाराने तो शेतावर जायचा, गुरं वळवायचा, आणि घरी आला की आधी मला ओटीवर नीट टेकवून मग स्वतःचे पाय धुवायचा. त्याच्याच हातात आयुष्य गेलं असतं तर मला हे बोलावं लागलं नसतं.

बाबूराव खानापूरकडचा लाकडाचा ठेकेदार. त्याच्या गाड्या दांडेलीकडे लाकूड घेऊन जायच्या. टेकाडावर त्याने लाल कौलांचा बंगला बांधला आणि रोज सकाळी फेरफटका मारायला तो आमच्या वाडीत उतरू लागला.

माघात, थंडी सरता सरता, आमची वाडी देखणी दिसते, खोटं कशाला बोलू? आंबे मोहोरलेले असतात. सुरंगीच्या फांद्या फुलांनी भरतात आणि वाटेवरून जाणाऱ्याला वास अडवून धरतो. परसात कोनफळाचे कंद खणून काढलेले, अंगणात सुपारी वाळत घातलेली, तांबड्या मातीच्या भिंतींवर पिठात बुडवलेल्या बोटांची नक्षी. बघावं, जीव सुखावावा आणि पुढे जावं. पण बाबूराव तसा पुढे जाणारा नव्हता.

आमच्या वाडीची एक रीत आहे. पाहुण्याने तोंडभरून वाखाणलेली वस्तू घरात ठेवायची नाही, ती त्यालाच द्यायची. ठेवली तर घरातल्या लहानग्याला दृष्ट लागते अशी सगळ्यांची समजूत. म्हणून आमची माणसं दुसऱ्याच्या दारात जपून बोलतात. भोपळा आवडला तरी म्हणतात, "बरा हाय."

बाबूरावला ही रीत कळली आणि त्या दिवसापासून त्याला सगळंच सुंदर दिसू लागलं! कुणाचा केळीचा घड, कुणाचं मधाचं मडकं, कुणाचा कोरीव पाट. तो मागत काहीच नसे. नुसतं "वा, वा!" करायचा आणि संध्याकाळपर्यंत वस्तू बंगल्यावर पोचायची. त्याच्यापेक्षा चोर बरा, तो निदान पळून तरी जातो.

मीही तशीच गेले. "काय झकास काठी आहे रे!" असं तो म्हणाला आणि धाकलूने मला तिथल्या तिथे त्याच्या हातात दिलं. म्हातारा कुंपण धरून धरून घरी गेला. मी ठेकेदाराच्या मुठीतून बघत राहिले.

बाबूरावने माझ्या डोक्यात खिळे ठोकून चांदीची मूठ बसवली. तपकीर ओढून झाली की बोटं तो माझ्याच अंगाला पुसायचा. माझ्या टोकाने लोकांच्या कोंबड्या हाकलायचा, वाळत घातलेली सुपारी उकरायचा, झाकलेल्या टोपल्या उघडून बघायचा. मला किळस यायची, पण काठीला हात झटकता येत नाही.

पुढच्या माघात बेळगावचे एक वकील पाहुणे आले. बाबूराव त्यांना वाडी दाखवायला घेऊन निघाला. वाटेत हसत हसत त्याने आमची रीतही सांगितली. "माणसं फार भोळी आहेत हो. वाखाणलं की देऊन टाकतात." वकीलसाहेबांना गंमत वाटली.

फिरत फिरत दोघे धाकलूच्या अंगणात आले. बुटांसकट आले. अंगण नुकतंच सारवलं होतं, त्यावर टाचांचे ठसे उमटत गेले. धाकलूची सून बायजा तान्ह्या शांतीला काखेत घेऊन सुपारी पसरत होती. ती उठून उभी राहिली. बाबूरावने माझं टोक थेट दारावर आपटलं, ठक् ठक्.

ते दार धाकलूच्या आज्याने केलेलं, शिसवाचं. वर सूर्यचंद्र, खाली दोन मोर, पिढ्यान्‌पिढ्या हात लागून तकाकलेले. आता जंगल सरकारचं झालं होतं, शिसवाच्या फांदीलाही हात लावायची सोय नव्हती. हे दार गेलं तर तसलं दुसरं होणं नाही. आणि त्याच थंडीत वाघाने ओटीवरून वासरू ओढून नेलं होतं. आतली माणसं वाचली ती या दारामुळे.

"वा! काय काम आहे! असं दार माझ्या बंगल्यालासुद्धा नाही," बाबूराव म्हणाला.

ओटीवर बसलेल्या धाकलूचा चेहरा उतरला.

बायजा हळूच म्हणाली, "मामा, दार दिल्यावर रातीला पोरीला घिऊन निजायचं कसं?"

"आता ठिवता येतंय व्हय?" म्हातारा म्हणाला. "वाखाणलं न्हवं त्यानं! ठिवलं तर पोरीलाच लागंल."

बायजाने पोरीला दुसऱ्या काखेत घेतलं. मग तिची नजर माझ्यावर पडली. चांदीची मूठ असली तरी तिने मला ओळखलं. ती दोन पावलं पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "सायेब, काठी लई झ्याक हाय तुमची. कशी सरळ हाय, कशी भरीव हाय! अशी काठी उभ्या वाडीत न्हाई."

बाबूराव नुसता हसला. पण वकीलसाहेबांनी टाळी वाजवली. "बाबूराव, अडकलात! आता द्या काठी!"

पाहुण्यासमोर करतो काय? त्याने मला तिच्या हातात दिलं. "घे बाई. दरवाजासाठी दुपारी गाडी पाठवतो."

"झालं, फिट्टंफाट!" वकीलसाहेब म्हणाले.

काठीच्या बदल्यात दार, आणि फिट्टंफाट! शिकलेल्या माणसाच्या तोंडचा हा हिशोब ऐकून मला बाबूरावपेक्षा त्याचीच जास्त किळस आली. दोघे हसत हसत सुरंगीखालून निघून गेले. दुपारी गाडी आली. दार चौकटीतून निघताना धाकलू परसात जाऊन बसला होता.

या गोष्टीला वर्ष झालं. आता घराला बांबूच्या तट्ट्याचं झाप आहे आणि त्याला आडवी घालायला मी आहे. धाकलू मला हातात घेत नाही. म्हणतो, "तू पोरीकडं ऱ्हा." बाहेर पाचोळा वाजला की मी सगळी ताकद लावते. पण तट्ट्या तो तट्ट्याच, एका पंज्याचं काम. बायजाला हे माहीत आहे. ती शांतीला भिंतीकडे निजवते आणि स्वतः झापाकडे निजते.

परवा बाबूराव नवी काठी घेऊन पुन्हा उतरला. बायजा वाटेवरच उभी राहिली. "सायेब, घड्याळ काय झ्याक हाय तुमचं!" पलीकडच्या कुंपणावरून शेजारीण ओरडली, "कोट तर लईच झ्याक!" त्याने घाईघाईने कोटाची गुंडी लावली, साखळी आत कोंबली आणि मान खाली घालून अख्ख्या वाडीतून मुकाट गेला. सुरंगी फुलली होती. त्याने वर बघितलं नाही.

मला बरं वाटलं, पण पोट भरलं नाही. त्याच्या बंगल्याला आमचे मोर आहेत आणि त्याच्या दारात वाघ येत नाही.

तुम्ही या वाटेने आलात तर वास घ्या, घरं डोळे भरून बघा, पण तोंड मिटून बघा. आणि मग तसेच टेकाड चढून बंगल्यावर जा. चार माणसं बसलेली असतील अशा वेळी जा. तुम्ही पाहुणे आहात. ते दार तेवढं तोंडभरून वाखाणा.