बिभीषणच्या गळ्यातली चावी

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आरती पेट्रोल पंपावर आली ती थेट ऑफिसात शिरली. आरती म्हणजे बिभीषणची बायको. एरवी डबा द्यायला आली की बाहेर लिंबाखाली थांबून ती नवऱ्याला हाक मारायची. आज दारात चप्पल काढून ती मालकिणीच्या, जयाच्या टेबलासमोर उभी राहिली.

"ताई, ती चावी यांच्या गळ्यातनं काढा," ती म्हणाली. "न्हाईतर मी यांना घरी बसवते. मोलमजुरी करू, पर हे नको."

कुठली चावी, हे जयाला विचारावं लागलं नाही. जामखेडच्या बाहेर, नगर रोडला, तिच्या सासऱ्यांनी हा पंप टाकला होता. ते गेल्यावर सासूबाईंनी, भागूबाईंनी तो चालवला आणि गेली सहा वर्षं जया बघत होती. बिभीषण इथं सोळा वर्षं कामाला होता. दिवसाची रोकड ऑफिसातल्या लोखंडी कपाटात राहायची आणि कपाटाची चावी काळ्या दोऱ्यात ओवलेली बिभीषणच्या गळ्यात असायची. सासरे वारले त्या महिन्यात भागूबाईंनी स्वतःच्या हातानं ती त्याला दिली होती.

चार दिवसांपूर्वी भर दुपारी मोटारसायकलवरून दोघं आले होते. पेट्रोल भरून झाल्यावर मागं बसलेल्यानं बिभीषणच्या गळ्यातला दोरा पकडला आणि हिसका दिला. दोरा तुटला नाही. बिभीषण ओढला गेला, गुडघ्यावर पडला, दहा पावलं फरफटला. तेवढ्यात कांद्याचा टेम्पो आत वळला म्हणून ते पळाले. जयानं पोलिसांत तक्रार दिली. बिभीषण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर हजर. "काय झालं न्हाई, ताई," एवढंच म्हणाला. गळ्यावरचा वळ झाकायला त्यानं उपरणं गुंडाळलं होतं.

"रात्री झोपेत गळा चाचपत्यात," आरती म्हणाली. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "आता दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतील. तवा तर तुमच्याकडं पैशाचा पूर येतो."

खरंच होतं ते. एरवी निम्मं गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे देई. पण मजुरांच्या टोळ्या कारखान्याकडं निघाल्या की ट्रॅक्टर-ट्रकवाले रोखीनं टाक्या भरत.

"आठ दिवस दे मला," जया म्हणाली.

मार्ग तिच्या डोक्यात आधीपासून होता. पंपचालकांच्या बैठकीत तिनं ऐकलं होतं, की एक वेगळी तिजोरी मिळते. वरच्या फटीतून पैशाचं पाकीट आत टाकायचं, ते खाली पडतं. टाकणाऱ्याला ती उघडता येत नाही. उघडायची चावी मालकाकडं, आणि तीसुद्धा पंपावर ठेवायची नाही. तिला लोक ड्रॉप सेफ म्हणत.

संध्याकाळी तिनं बिभीषणला हे सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग गळ्यातला दोरा मानेवरून काढला आणि चावी टेबलावर ठेवली.

"माझं काय चुकलं, ताई?"

"तुमचं काही चुकलं नाही, बिभीषणभाऊ. तुमच्या जिवासाठीच चाललंय हे."

"टाकायचं मी, आन् उघडायचं तुमी. म्हंजे मी हात घालीन म्हनून फट बारीक केलेली. सोळा वर्सांत एक रुपाया इकडचा तिकडं झाला का?"

जया बोलत राहिली, पण जितकं समजवावं तितकं ते त्याला सारवासारव वाटत होतं. तो न जेवता घरी गेला.

घरी भागूबाईंनीही सुनेला फैलावर घेतलं. "मानसावर भरवसा टाकायचा सोडून लोखंडावर टाकायला निघालीस व्हय?"

"आत्याबाई, चावी गळ्यात आहे म्हणून तर गळा धरला त्यांनी. उद्या दोरा नाही तुटला आणि माणूस गेला, तर आरतीला काय सांगायचं?"

भागूबाईंनी जेवण उरकलं. हात धुवून आल्यावर म्हणाल्या, "घ्यायचीच आसंल तर त्याला संग न्यायचं. त्याला पटंल तीच घ्यायची. आन् मी बी येनार."

तर अशी ती तिघं बुधवारी सकाळी जयाच्या गाडीतून निघाली. कडा गाव मागं पडलं तरी बिभीषण खिडकीबाहेरच बघत होता. भागूबाईंनी त्याला दोनदा शेंगदाण्याचा लाडू पुढं केला. दुसऱ्या वेळी त्यानं घेतला.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत गनीभाईंचं वर्कशॉप होतं. तिथं सराफी पेढ्यांच्या आणि पतसंस्थांच्या तिजोऱ्या बनत. गनीभाई साठीचे, पांढऱ्या दाढीचे, कानावर पेन्सिल खोचलेले. त्यांनी भागूबाईंसाठी खुर्ची पुसून दिली आणि तीन तिजोऱ्या दाखवल्या.

पहिली चकचकीत निळी. वर आकड्यांची बटणं, दिवा लागायचा, टुक टुक आवाज यायचा. जयाला ती आवडली. तिनं बिभीषणकडं पाहिलं.

"मला काय इचारता?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "पर आमचे हात डिझेलचे. ही बटनं महिनाभर टिकायची न्हाईत. आन् आतला सेल संपला मंग?"

गनीभाईंनी मान डोलावली. "बरोबर बोलला. ही दुकानासाठी ठीक आहे. पंपाला नाही."

दुसरी साधी राखाडी, वर आडवी फट. गनीभाईंनी कागद भरलेलं एक पाकीट टाकलं, ते धप्पकन आत पडलं. "ही लई खपते," ते म्हणाले.

बिभीषण खाली वाकला. त्यानं फटीत बोट घातलं, मोबाईलचा उजेड पाडून आत बघितलं. "चाचा, बांधायची तार हाय का? आन् चिकटपट्टी?"

गनीभाईंना गंमत वाटली. त्यांनी दोन्ही आणून दिलं. बिभीषणनं तारेचं टोक वाकवलं, त्याला चिकटपट्टी उलटी गुंडाळली आणि तार फटीतून आत सोडली. डोळे मिटून तो हातानं चाचपत राहिला. पंपावर गिऱ्हाइकाच्या गाडीची चावी टाकीमागं पडली की तो अशीच काढून द्यायचा. दोनेक मिनिटांत पाकिटाचं टोक फटीतून वर आलं. त्यानं ते ओढून काढलं आणि गनीभाईंच्या हातात दिलं.

वेल्डिंग करणारे दोन कारागीर काम थांबवून बघत होते. त्यातला एक हसायला लागला.

"तोबा!" गनीभाई म्हणाले. "बत्तीस वर्षं तिजोऱ्या करतोय. माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच तिजोरीतून माल काढणारा तू पहिला."

"आमचा बिभीषन हाय तो," भागूबाई म्हणाल्या, जणू त्यानं कुस्ती मारली होती.

तिसरी तिजोरी दिसायला सगळ्यात ओबडधोबड होती. जाड पत्रा, बिजागऱ्या आतल्या बाजूला. वर फटीऐवजी लोखंडी नळकांडं. त्याच्या खाचेत पाकीट ठेवायचं आणि दांडा फिरवायचा. नळकांडं फिरलं की पाकीट आत पडे आणि तोंड बंद होई. त्याच्या खाली दातेरी पट्ट्या बसवल्या होत्या.

"आता काढ," गनीभाई म्हणाले.

बिभीषण खाली मांडी घालून बसला. तार वाकवून झाली, दोन तारा पिळून झाल्या, पातळ पत्र्याची पट्टी झाली. चहा आला आणि निवला. तार दात्यात अडकली ती बाहेर येईना. त्यानं ती तोडली आणि पुन्हा दुसरी घेतली. कपाळावर घाम आला. अर्ध्या तासानं तो उठला, हात झटकले, आणि चार-पाच दिवसांत पहिल्यांदा हसला.

"ताई, हीच घ्या. मला निघंना, मंग कुनाला निघायची न्हाई."

"पण हिची चावी तुमच्याकडं नसणार," जया हळूच म्हणाली.

तो काही बोलायच्या आत गनीभाई पुढं झाले. त्यांनी त्याच्या मानेवरच्या वळाकडं बोट दाखवलं. "हे कशानं झालं रे?"

बिभीषणनं सांगितलं.

"माझा धाकटा भाऊ पतपेढीत होता," गनीभाई म्हणाले. "चावी दे म्हणून चोरांनी त्याला बडवला. त्यानं दिली नाही. इमानदार होता. अजून डावा हात वर जात नाही त्याचा. चावी जवळ नसती तर 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. तुझ्यासारख्या माणसाला चावी मागितली तर तू देणार नाहीस, हे तुझ्या मालकिणीला माहीत आहे. तेच तिचं दुखणं आहे."

बिभीषणनं जयाकडं पाहिलं. जयानं नजर खाली घातली होती.

"आसं व्हय," तो म्हणाला. मग त्यानं तिजोरीचा दांडा एका हातानं फिरवून पाहिला. "पर हा दांडा लई जड फिरतो, चाचा. एका हातानं फिरला पायजे. दुसऱ्या हातात पावतीबुक असतं. आन् खाच दोन बोटं रुंद करा. धा-ईसच्या नोटांचं बंडल फुगीर होतं."

गनीभाईंनी कानावरची पेन्सिल काढून लिहून घेतलं.

तिजोरी दिवाळीच्या आधी आली. ऑफिसच्या दाराशी, बाहेरूनही हात पुरेल अशा ठिकाणी बिभीषणनं स्वतः फरशी फोडून काँक्रीट कालवलं, चारही बोल्ट आवळले आणि दोन दिवस त्यावर पाणी मारलं. दिसेल असा बोर्डही त्यानंच लिहून घेतला: 'तिजोरीची चावी पंपावर नसते.' दोन चाव्या होत्या. एक जयाकडं, एक भागूबाईंकडं, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे.

दिवाळी झाली आणि गाड्या निघाल्या. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, कोंबड्या, लेकरं. बिभीषण टाक्या भरत होता, पैसे घेत होता, आणि पाकीट भरलं की दांडा फिरवून मोकळा होत होता. पूर्वी जया किंवा कल्याण, तिचा नवरा, येईपर्यंत त्याला कपाट राखत बसावं लागे. आता आठला पाळी संपली की तो सायकलवर टांग टाकायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी तो ऑफिसात आला, उगाच टेबलावरचे कागद सरळ करत राहिला.

"ताई, कोल्हारला मेव्हणीचं लग्न हाय. चार दिवस मिळतील का?"

जयानं मोजून पाहिलं तर चावी गळ्यात आल्यापासून त्यानं सलग दोन दिवससुद्धा कधी मागितले नव्हते. कपाट सोडून जायचं कसं, म्हणून मागितलेच नव्हते, हे तिला आज कळलं.

"सहा घ्या," ती म्हणाली.

हळदीच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मागं बँडचा गलका होता.

"ताई, सगळं ठीक हाय ना?"

"सगळं ठीक. जेवलात का?"

"बसतोय आता. आरती म्हनती, फोन ठेवा, पंगत पडली."

आणि त्यानं खरंच फोन ठेवला.