मांजरपाटाची खळ

"काकी, हे पाहा बरं," असं म्हणून मंदिराच्या ट्रस्टवरल्या दुलीचंदांनी पोथी हीराबाईपुढे धरली, तशी पानांतून पिठासारखी भुकटी त्यांच्या स्वच्छ धोतरावर सांडली.

हीराबाईला पाहायची गरजच नव्हती. वेष्टणाची गाठ सोडतानाच तिच्या बोटांना कळलं होतं. कपाटातल्या एकेका पोथीचं वजन तिच्या हातांना पाठ होतं, आणि ही पोथी हलकी झाली होती.

श्रुतपंचमीचा दिवस होता. आसरखेडच्या जैन मंदिरातलं शास्त्रभांडार वर्षातून याच दिवशी उघडायचं. पोथ्या बाहेर काढायच्या, सभामंडपात उन्हाच्या कडेला ठेवायच्या, पूजा करायची आणि नव्या कापडात बांधून परत फळीवर ठेवायच्या. गाव लहान, पण भांडार मोठं. धर्माचे ग्रंथ तर होतेच. शिवाय व्याकरण होतं, गणित होतं, वैद्यक होतं, रत्नं कशी पारखावीत ते होतं, आणि घोड्यांच्या आजारांवरही एक जाडजूड पोथी होती. आसरखेडात घोडा शेवटचा कधी दिसला हे कुणालाच आठवत नव्हतं, पण पोथीला दरवर्षी नवं कापड मिळे. वाचणारा मात्र कुणी उरला नव्हता. पूजेला सगळे, वाचायला कुणी नाही, असा तो कारभार होता.

बांधायचं काम हीराबाईचं. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ती मंदिरामागच्या खोलीत राहायला आली, तेव्हापासून हे काम तिच्याकडे होतं. तिला अक्षर येत नव्हतं. पण कापड कसं हवं, घडी कुठं पडावी, गाठ किती आवळावी, यात तिचा शब्द शेवटचा. तिचा नवरा लखमीचंद दुकान सांभाळून पोथ्यांच्या नकला करी. त्याच्या हातची वैद्यकाची एक पोथी खालच्या फळीवर होती. त्याचा ना फोटो होता, ना मूलबाळ. जे काही उरलं होतं ते त्या पोथीत. ती पोथी हीराबाई सगळ्यांत शेवटी बांधायची आणि बांधण्याआधी जराशी मांडीवर ठेवून घ्यायची. हे सगळ्या बायकांना माहीत होतं, पण कुणी कधी बोललं नाही.

आता खालची फळी सगळीच गेली होती. घोडे गेले, रत्नं गेली, गणित गेलं. लखमीचंदच्या पोथीतून तर आरपार दिसत होतं.

पानांमधून बारीक किडे पळत होते. त्यांना मारायचं नाही हा धर्म. हीराबाईनं मोरपिसांची कुंचली घेतली आणि एकेक जीव हलक्या हातानं पळसाच्या पानावर घेऊन सावलीत नेऊन सोडला. नवऱ्याचं अक्षर खाऊन टम्म झालेले ते जीव तिनं सांभाळून सोडले. एकालाही इजा झाली नाही.

"काकी," दुलीचंदांनी विचारलं, "मागच्या साली मांजरपाटाची खळ काढली होती ना?"

नवं मांजरपाट खळ घेऊनच येतं, आणि खळीवर कसर धरते. कसर आधी कापड खाते, मग कागद. म्हणून नवं कापड नदीवर नेऊन दगडावर आपटायचं, पाणी नितळ येईपर्यंत पिळायचं. हे हीराबाईनंच सगळ्यांना शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, ऐकणाऱ्यांचे कान किटवले होते.

मागच्या साली नदी नव्हती. नदीच्या जागी नुसती वाळू होती. ते दुष्काळाचं साल. टँकर यायचा तो कामरगावकडून, त्याचीही खात्री नाही. श्रुतपंचमीच्या आदल्या दिवशी ट्रस्टनं मोठ्या मनानं दोन घागरी पाणी हीराबाईच्या ओट्यावर ठेवलं, खास वेष्टणं धुवायला. तिनं बाह्या सरसावल्या, तोच मागच्या दारी पंचफुला येऊन उभी राहिली. पंचफुला बौद्धवाड्यातली. एरवी मंदिराबाहेरचं आवार झाडायची, त्या दिवसांत दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

"बाई, दुर्गी बायतीन झाली काल. पोरगी झाली," ती म्हणाली. "आंग तव्यावानी तापलं तिचं. वाड्यात पान्याचा टिपूस नाई. लेकरू अजून तसंच गुंडायून ठेवलं, धुतलं बी नाई."

"टँकर?"

"आला नाई. सकाळपासून वाट पाहून राह्यली. मी मांगाले आली नसती, बाई, पन पोरगी जाते माही."

हीराबाईनं घागरींकडे पाहिलं, दोरीवरच्या कोऱ्या कापडाकडे पाहिलं. जुनी वेष्टणं तिनं आधीच पाणी गाळायला घरोघर वाटून टाकली होती. मग तिनं एक घागर उचलून पंचफुलेच्या डोक्यावर दिली.

"हे ने. आन् परत ये. दुसरीबी तुलेच हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं पोथ्या कोऱ्या, खळीच्या कापडात बांधल्या. कापड कडकड वाजत होतं. एका वर्षानं काय होतंय, असं तिनं मनाला बजावलं.

आता तेच वर्ष भुकटी होऊन दुलीचंदांच्या धोतरावर सांडलं होतं. दुलीचंद वाईट नव्हते, ते उत्तराची वाट पाहत होते. आवाराच्या दाराशी खराटा घेऊन उभ्या असलेल्या पंचफुलेनं सगळं ऐकलं. ती एक पायरी चढली. "मालक, ते पानी..."

"मी इसरली," हीराबाई मोठ्यांदा म्हणाली.

दुलीचंदांनी चमकून पाहिलं.

"इसरली? तुमी?"

"हो बापा. वय झालं. खळ काढाची इसरली मी."

पाणी कुठं गेलं हे सांगितलं असतं, तर कदाचित कुणी काही बोललंही नसतं. पण गावाची जीभ तिला ठाऊक होती. दुर्गाच्या पोरीला गावानं जन्मभर पोथ्या खाणारी पोर म्हटलं असतं. त्यापेक्षा एका म्हातारीचा विसरभोळेपणा बरा.

दुलीचंदांनी मान खाली घातली. तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "यंदापासून कांतीलालची ललिताबाई बांधीन वेष्टनं. तुमी आराम करा, काकी."

हीराबाईला रडू फुटलं नाही. एवढ्या वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं, ते तेव्हा मागितलं. "ह्या खराब झालेल्या पोथ्या पान्यात सोडा लागतीन. ते मी करतो."

त्याला कुणी नाही म्हटलं नाही.

यंदा नदीच्या डोहात पाणी टिकून होतं. संध्याकाळी हीराबाई टोपली घेऊन निघाली, तर वाटेत पंचफुलेनं ती टोपली आपल्या डोक्यावर घेतली. मागोमाग तिची लेक दुर्गा, कडेवर पोर.

"काहून बोलू देल्लं नाई मले?" पंचफुला चालता चालता रडत होती. "आमच्यापायी तुमचं काम गेलं."

"गप चाल. पोरगी कशी हाय पाहू दे मले."

पोरगी गुटगुटीत होती. हीराबाईनं तिच्या गालाला बोट लावलं, आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण टोपलीतलं ओझं त्यानं कमी झालं नाही.

काठावर बसून तिनं घोडे सोडले, रत्नं सोडली, गणित सोडलं. शेवटी लखमीचंदची पोथी हाती घेतली. पानं अर्धी झाली होती. एकेक करून ती पाण्यावर ठेवत गेली. शेवटचं पान राहिलं, तेव्हा तिला ते सोडवेना. दुर्गा सातवी शिकलेली. पोरीला सावरत ती वाकून पाहू लागली.

"आजी, हे वाचता येते. हितं तुमचं नाव हाय."

"माहं? माहं नाव कोन लिहीन?"

"हे पाहा ना. हीराबाई. आन् पुढं 'पठनार्थ'. त्याच्या पुढचं कसरीनं खाल्लं."

"म्हंजे काय ते?"

"पठन म्हंजे वाचनं. आमी त्रिशरनाचं करतो ना, तेच. हीराबाईनं वाचावं म्हनून हे लिहिलं, असं हाय."

हीराबाईनं पान डोळ्यांजवळ धरलं. पोथी लिहिली त्या उन्हाळ्यात लखमीचंद रात्र रात्र लिहीत बसायचा आणि ती कंदील धरायची. चातुर्मास लागला की तुले अक्षरं शिकवतो, असं तो एकदा हसत म्हणाला होता. चातुर्मासाच्या आधी गावात पटकीची साथ आली, त्यात तो गेला. तिला वाटायचं, पोथी मंदिरासाठी लिहिली. तिच्यासाठी लिहिलेली पोथी ती चाळीस वर्षं नुसती बांधत आली होती.

"यातलं 'ही' कोनतं?" तिनं विचारलं.

दुर्गानं बोट ठेवून दाखवलं. हीराबाईनं त्यावर आपलं बोट ठेवलं, तर कागदाचा कोपरा भुकटी होऊन निघाला. तिनं घाईनं बोट काढून घेतलं.

"हे पान घरी ठेवून घ्या ना, बाई," पंचफुला हळूच म्हणाली. "कोनाले कळते?"

"नाई. सोडतो म्हनून सांगून आली मी."

तिनं पान दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं. ते लगेच बुडालं नाही, काठाकाठानं हळूहळू सरकत राहिलं. हीराबाई पुढं वाकली. त्यातलं एकच अक्षर तिला आता ओळखू येत होतं, आणि पान उलटं होईपर्यंत ती तेवढं वाचत राहिली.