डोंगराच्या मागची माडी

माझ्या सासूचं, सरलाबाईंचं, दिवेलागणीला रोज एकच पालुपद. "माले घर लई चाल." मला घरी घेऊन चल. आता सुरतेत, नवागामच्या एका खोलीत बसलेल्या बाईला आणखी कुठलं घर दाखवायचं? तिचं गाव निझरच्या अंगाला, तापीकाठी. धरणात गेलं त्याला जमाना झाला. पण गाव बुडालं हेच म्हातारी विसरून गेली होती. सांगितलं की नव्याने रडायची, आत्ताच कोणी गेल्यासारखी. दोन घास पोटात जायचे तेही जायचे नाहीत. शेवटी आम्ही सांगणंच सोडलं. "उद्या जाऊ हं," म्हणायचं नि भाकरी पुढे करायची. खोटं बोलून बोलून माझी जीभ झिजली.

आमचे हे, लखन, गवंडी. प्लेगच्या साली पळालेलं सुरत पुन्हा भरलं, नि डुमसच्या रस्त्याला एका शेठने पार्क काढला. पाळणे, तळं, नि तळ्यापलीकडे जाळीवर सिमेंट थापून केलेला डोंगर. तो डोंगर यांच्या वाट्याला आला. मुंबईच्या साहेबाने शिकवलं, खालचे दगड मोठे करा, वरचे लहान करत जा, म्हणजे डोंगर लांबचा नि उंच वाटतो. आणखी एक बजावलं, आत आलेल्या माणसाला बाहेरचं छप्परसुद्धा दिसता कामा नये, एक दिसलं की खेळ खलास. म्हणून भिंतीला लागून सगळीकडे आसोपालवाची उंच झाडं लावली होती.

साहेबाला कुठलाही डोंगर चालला असता. पण यांच्या हातून बुडालेल्या गावामागचाच झाला. तीच उजवीकडची सोंड, नि माथ्यावर देवीचं देऊळ, लाल झेंडी लावून. देऊळ माझ्या गुडघ्याएवढं, पण तळ्याकाठून बघाल तर खरं लांबचं वाटे.

गवंड्यांची सुट्टी अमासेला. पार्कवरचा वॉचमन बन्सीलाल आपल्याकडचाच. त्याने एका अमासेला, सकाळी पार्क उघडायच्या आधी, आम्हाला मागच्या दाराने आत घेतलं, स्वतःची खुर्ची तळ्याकाठी टाकली. म्हातारी बसली, समोर पाहिलं नि पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. "पोचलो," म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मग दर अमासेला आमची हीच वारी सुरू झाली. महिनाभर ती "घर चाल" म्हणायची, तेव्हा मी "अमासेला" म्हणायची, आणि ते खरं असायचं. मला केवढं हलकं वाटायचं, काय सांगू.

पण सुख बघवतं कोणाला? पार्कचं उरलेलं काम संपलं नि हे दुसऱ्या कामाला लागले. साइट कुठली, तर पार्कच्या भिंतीपलीकडची. मोठी बिल्डिंग. आपलेच दात नि आपलेच ओठ. मी म्हटलं, "अहो, दुसरीकडे नाही का बघता येत?" तर म्हणाले, "मी नाही बांधली म्हणून ती राहणार आहे का?"

पुढच्या अमासेला झेंडीच्या मागून एक स्लॅब डोकावत होता. त्यांच्या गावात देवीच्या वर माडी चढवायची नाही असा रिवाज. सावकाराचं घरसुद्धा बसकं होतं म्हणे. म्हातारीने पाहिलं नि ती कडाडली. "हाई माडी कोनी बांधी? देवीमायना डोकावर?" आणि मग शिव्याशाप. बांधणाऱ्याचे हात झडोत, त्याच्या घरात दिवा लागू नये. हे बाजूलाच उभे होते, नखांत सिमेंट घेऊन. मला रडू आवरेना. जेवली नाही ती दोन दिवस.

यांनी मग उपाय काढला. खुर्ची डोंगराच्या जवळ सरकवायची. जवळ बसलं की डोंगर डोळ्यांत मोठा होतो, मागचं झाकतो. पुढच्या अमासेला खुर्ची तळ्याच्या अलीकडून पलीकडे गेली. माडी झाकली. म्हातारी खूश. पण महिनाभरात हेच आणखी एक मजला चढवत होते. अमास आली की खुर्ची आणखी पुढे. बन्सीलाल एकदा म्हणाला, "लखन, आता काय डोंगरात घुसवतो का आईला?" हे हसले नाहीत.

शेवटी ती अमास आली. खुर्ची पार पायथ्याशी. म्हातारी वाकली, पाया पडायला डोंगराला हात लावला, नि तिथेच थांबली. बोटांनी टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला. तिने वर पाहिलं. इतक्या जवळून देऊळ खेळण्यातलं दिसत होतं. मग तिने यांच्याकडे पाहिलं, कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं तसं, ओळखून.

"हाई तूच करं ना, लखन?"

यांनी मान हलवली.

"म्हणजे गाव नही शे."

ती रडली नाही. तेच मला जास्त लागलं. म्हणाली, "माले मांगे लई चाल. तठून बरं दिखस."

"आई, तिथून बिल्डिंग दिसते," मी म्हटलं.

"दिखू दे. तीबी हाऊच बांधी राहिना ना?" तिने यांच्या नखांकडे बोट केलं.

तळ्याकाठी नेलं. बिल्डिंगपुढे डोंगर मातीच्या ढिगाएवढा झाला होता. म्हातारीने यांचा हात हातात घेतला, नखांतलं सिमेंट पदराने पुसत राहिली. मग त्या गुडघ्याएवढ्या देवळाकडे बघून म्हणाली, "माय, माफ कर त्याले. मना आंडोर शे, मना पोऱ्या." नि यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. हे लेकरासारखे रडले. मीही.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना माझा कान तिच्याकडे होता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढे कधीच नाही. ज्या पालुपदाला मी कंटाळले होते, ते ऐकायला जीव टांगून बसायची. एकदा राहवलंच नाही. ताट वाढताना मीच म्हटलं, "आई, अमासेला घरी जाऊ हं."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"कोठे, माय?" म्हणाली, नि भाकरी मोडून खायला लागली.